जेल चालू, कॅप्सूल बंद? पिशवी असताना असं करू नका

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४९, शेवटची पाळी येऊन सव्वा वर्ष झालं. अंगातून वाफा, रात्री घामाने कपडे भिजणं, तीन वाजता जाग आली की पुन्हा डोळा न लागणं, याने तुम्ही बेजार झाला होतात. डॉक्टरांनी हाताला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री झोपताना घ्यायची प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू केली. वाफा कमी झाल्या. मग प्रोजेस्टेरॉनमुळे स्तनाचा कर्करोग होतो असं वाचनात आलं. शिवाय तुमच्या नणंदेला तिच्या डॉक्टरांनी नुसती इस्ट्रोजेनची गोळी दिली आहे, कॅप्सूल नाहीच. म्हणून चार महिन्यांपूर्वी तुम्ही कॅप्सूल सोडलीत आणि जेल चालू ठेवलंत. आता विचारताय की नुसत्या जेलवर राहिलं तर चालेल का, आणि मुळात प्रोजेस्टेरॉन शरीराला चांगलं की वाईट.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तुमची गर्भपिशवी शाबूत आहे, त्यामुळे नुसत्या जेलवर राहणं चालणार नाही. दोन्ही घ्या, किंवा डॉक्टरांशी बोलून दोन्ही थांबवा. कर्करोगाच्या भीतीने तुम्ही जे औषध सोडलंत, ते कर्करोगापासून राखण्यासाठीच दिलेलं होतं. फक्त तो कर्करोग स्तनाचा नव्हे, पिशवीच्या अस्तराचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. कोणतं प्रोजेस्टेरॉन, कोणत्या इस्ट्रोजेनबरोबर, कोणत्या वयात आणि किती वर्षं, यावर ते ठरतं.

आधी अस्तराचं बघू. पाळी चालू असताना महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन पिशवीचं आतलं अस्तर वाढवतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन येतं, ते वाढ थांबवून अस्तर पक्व करतं आणि गर्भ राहिला नाही तर ते गळून जातं. शेताच्या भाषेत बोलायचं तर इस्ट्रोजेन पाणी-खत घालतं आणि प्रोजेस्टेरॉन पीक तयार करून कापणीला आणतं. कापणीच होत नसेल आणि पाणी-खत सुरूच असेल तर जे रान माजतं, तसं अस्तर माजतं. सुरुवातीला नुसतं जाड होतं, मग पेशींची रचना बिघडायला लागते आणि काही जणींमध्ये पुढे कर्करोग होतो.

हे कळायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत पाळी गेलेल्या लाखो बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जायचं. १९७५ मध्ये तिथल्या अभ्यासांत दिसलं की अशा बायकांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं आहे. त्यानंतर पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन द्यायचं हा नियम झाला. पुढे १९९० च्या दशकात 'पेपी' नावाची तीन वर्षांची चाचणी झाली. तीत पिशवी असलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांपैकी सुमारे ३४ टक्के जणींच्या अस्तरात गंभीर स्वरूपाची वाढ आढळली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १ टक्का होतं. जोडीला प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांचं अस्तर बिनऔषधी गोळीवाल्यांसारखंच राहिलं. हा फरक इतका ठळक आहे की त्याबद्दल आज स्त्रीरोगतज्ज्ञांत वाद नाही.

जेल कातडीतून जातं म्हणून पिशवीपर्यंत पोचत नाही, असाही एक समज मला पेशंटकडून ऐकायला मिळतो. वाफा थांबल्या याचाच अर्थ औषध रक्तात पोचलं, आणि रक्तातून ते पिशवीपर्यंतही जातंच. योनीच्या कोरडेपणासाठी अगदी कमी मात्रेत आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम हा अपवाद. ते सांगितलेल्या प्रमाणात वापरलं तर रक्तात फारच थोडं जातं आणि त्याच्याबरोबर प्रोजेस्टेरॉनची गरज सहसा पडत नाही.

आता नणंदबाईंचं. तुम्ही ओघात लिहिलंय की त्यांची पिशवी काढलेली आहे. सगळं कोडं तिथेच सुटतं. पिशवी नाही म्हणजे अस्तर नाही, म्हणून बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉनचं कारण उरत नाही. थोडे अपवाद आहेत. पूर्वी एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखी पेशींची वाढ पिशवीबाहेर होण्याचा आजार, बराच पसरलेला असेल किंवा पिशवी अर्धवटच काढली असेल, तर आम्ही जोडीला प्रोजेस्टेरॉन देतो. त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांच्यासाठी योग्य असू शकतं आणि तेच तुमच्यासाठी धोक्याचं. घराघरांत 'तिला दिलं ते मलाही चालेल' असं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पिशवी काढण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कोवळ्या वयात काढल्या जातात हे गाजल्यावर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अशा ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर त्या बाईचं इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हॉर्मोन उपचाराची सगळ्यांत जास्त गरज कोणाला असेल तर या बायकांना. चाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील आणि मनाई करणारं दुसरं कारण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी हॉर्मोन द्यावेत अशीच शिफारस आहे. डिस्चार्ज कार्डावर बीजकोश ठेवले की काढले हे लिहिलेलं असतं. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिला तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

आता तुमच्या भीतीकडे येऊ, कारण ती उगाच आलेली नाही. 'हॉर्मोनने कर्करोग होतो' हे बहुतेकांच्या डोक्यात बसलं ते २००२ च्या जुलैपासून. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास चालू होता. पिशवी असलेल्या १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन अधिक मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, किंवा बिनऔषधी गोळी दिली जात होती. सरासरी पाच वर्षांनंतर हा गट मुदतीआधी थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि फुफ्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्या, हे सगळं औषध घेणाऱ्यांत जास्त निघालं. बातमी जगभर गेली आणि बायकांनी रातोरात गोळ्या बंद केल्या.

त्या अभ्यासातले आकडे नीट वाचले की चित्र वेगळं दिसतं. स्तनाच्या कर्करोगात वाढ २६ टक्के, असं छापून आलं. प्रत्यक्षात ती दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जादा रुग्ण इतकी होती. पक्षाघाताचे ८ जास्त, हृदयविकाराचे ७ जास्त. त्याच वेळी खुब्याचे फ्रॅक्चर ५ ने आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या, रक्तवाहिन्या आधीच कडक होऊ लागलेल्या बायका. ४९ व्या वर्षी वाफांसाठी औषध सुरू करणारी बाई वेगळी असते. पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत किंवा साठीच्या आत सुरुवात केली तर फायदा-तोट्याचं गणित बरंच अनुकूल असतं, हे नंतरच्या विश्लेषणांतून आणि चाचण्यांतून पुढे आलं.

याच अभ्यासाचा दुसरा गट होता पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचा, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही. दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमीच दिसला. यावरूनच प्रोजेस्टेरॉनकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुधा इथेच आहे, आणि त्यात तथ्य आहे हे मी नाकारणार नाही. जोडीने औषध घेताना स्तनाच्या कर्करोगाचा जो थोडा धोका वाढतो, त्यात प्रोजेस्टेरॉन गटातल्या औषधांचा वाटा मोठा आहे.

पण 'प्रोजेस्टेरॉन गटातली औषधं' म्हणजे एकच औषध नव्हे. दुकानात ही सगळी एका फळीवर असली तरी शरीरात वेगवेगळी वागतात. त्या अभ्यासात दिलेलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम रसायन आहे. गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे सर्रास घेतली जाते ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची, तेही कृत्रिम. तुमच्या कॅप्सूलमध्ये आहे ते मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन. ते वनस्पतीतल्या द्रव्यापासून कारखान्यातच बनतं, पण त्याचा रेणू बीजकोशात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखाच, तंतोतंत. गरोदरपणात पहिल्या महिन्यांत आधाराला देतात तेच हे. डायड्रोजेस्टेरॉन हे याच गटातलं आणखी एक औषध त्याच्या बरंच जवळचं.

फ्रान्समध्ये डॉक्टर पूर्वीपासून कातडीवरचं इस्ट्रोजेन आणि हे प्रोजेस्टेरॉन असं वापरत आले, त्यामुळे तिथली माहिती आपल्या उपयोगाची. तिथल्या 'ई-थ्री-एन' या अभ्यासात, प्रामुख्याने शिक्षकी पेशातल्या, पाळी गेलेल्या ८० हजारांवर बायकांचा पाठपुरावा केला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, इस्ट्रोजेनबरोबर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग हॉर्मोन न घेणाऱ्यांइतकाच होता. इतर कृत्रिम औषधांबरोबर तो जवळजवळ ६९ टक्क्यांनी जास्त होता. पुढच्या टप्प्यात मात्र पाच वर्षांहून जास्त काळ घेणाऱ्यांमध्ये मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आणि डायड्रोजेस्टेरॉन या सौम्य प्रकारांबरोबरही थोडी वाढ दिसली. शिवाय हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नाही. त्यामुळे धोका शून्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. उपलब्ध पर्यायांत हा सौम्य आहे, आणि म्हणून मीही पेशंटला सहसा हाच देते.

गुठळ्यांचंही तसंच. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. फ्रान्सच्याच दुसऱ्या एका अभ्यासात गोळीने पायातल्या आणि फुफ्फुसातल्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला. कातडीवरून दिलेल्या इस्ट्रोजेनने तो वाढला नाही आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉननेही त्यात भर घातली नाही. तुमच्या डॉक्टरांनी जेल आणि ही कॅप्सूल अशी जोडी निवडली ती विचार करूनच, असं मला वाटतं. वजन जास्त, बीपी किंवा मधुमेह असलेल्या बाईला मीही हीच जोडी निवडेन.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हॉर्मोनच्या वेष्टनांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढून टाकण्याचं जाहीर केलं. एक इशारा मात्र तसाच ठेवला, तो पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा. जेलच्या डब्यातला कागद काढून बघा, तीच सूचना तुम्हाला त्यावर सापडेल.

कॅप्सूल बंद केल्यावर झोप पुन्हा मोडली, हेही तुम्ही लिहिलंय. हा निव्वळ योगायोग नसावा. तोंडाने घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनपासून यकृतात अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं. ते मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतं, म्हणून गुंगी येते. यासाठीच कॅप्सूल झोपताना घ्यायची. काही जणींना सकाळी डोकं जड वाटतं, गरगरतं, पोट फुगतं, आणि थोड्यांचं मन उदास होतं. तुम्हाला यातलं काही होत होतं का? मनातल्या मनात तेही कारण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण मार्ग निघतो. रोज १०० ऐवजी महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम अशी पद्धत आहे, तीत दर महिन्याला पाळीसारखा थोडा रक्तस्राव होतो. तीच कॅप्सूल योनीत ठेवली तर गुंगी कमी येते. डायड्रोजेस्टेरॉनची गोळी आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवली की अस्तराला तिथल्या तिथे संरक्षण मिळतं आणि रोजची कॅप्सूल सुटते. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं.

ऑनलाइन मिळणारी 'नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन क्रीम' मात्र या यादीत येत नाहीत. कातडीवर चोळलेलं प्रोजेस्टेरॉन अस्तराला पुरेल इतकं रक्तात जाईल याची खात्री देता येत नाही. सुरणासारख्या कंदाचा अर्क असलेल्या क्रीमचं तर शरीर प्रोजेस्टेरॉन करूच शकत नाही. ते रूपांतर प्रयोगशाळेतच होतं.

मग आता काय करायचं? घाबरून जाऊ नका. चार महिने हा फार मोठा काळ नाही, बहुतेक बायकांत एवढ्यात गंभीर काही झालेलं नसतं. पण गृहीतही धरू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून कॅप्सूल कधी सोडली ते खरं खरं सांगा. ते रागावतील म्हणून बायका लपवतात आणि मग आम्ही चुकीच्या माहितीवर निर्णय घेतो. योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. अस्तर पातळ असेल, ४ मिलिमीटरच्या आत, आणि डाग लागलेला नसेल, तर सहसा कॅप्सूल पुन्हा सुरू करून पुढे जाता येतं. जाड असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. बऱ्याचदा ते बाह्यरुग्ण विभागातच होतं, भूल लागत नाही. जुनी कॅप्सूल घरात आहे म्हणून न विचारता स्वतःच सुरू करू नका. प्रोजेस्टेरॉन थांबवल्या-सुरू केल्याने रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग तो औषधाचा की अस्तराच्या दुखण्याचा हे ओळखणं अवघड होतं.

त्याच भेटीत बाकीचंही उरकून घ्या. बीपी, साखर, स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी झालेली नसेल तर ती. आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर वयासकट सांगा. स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला असणं, पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी गुठळी, हार्ट अटॅक, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर सगळा उपचारच नव्याने ठरवावा लागेल. वाफांसाठी हॉर्मोनविना काम करणारी औषधंही आहेत. हॉर्मोन नकोच असं तुमचं मत झालं तर तो तुमचा हक्क आहे, पण मग जेलसुद्धा थांबवायचं.

आणखी एक गोष्ट, जी पन्नाशीच्या आतल्या बायकांना क्वचितच कोणी सांगतं. पाळी गेलेली असली तरी तुमच्या वयात शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं गर्भनिरोधनाची काळजी घ्यायची असते, आणि या कॅप्सूलने ती घेतली जात नाही.

किती वर्षं घ्यायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. ठरलेली मुदत नाही. वाफांचा त्रास बऱ्याच जणींना सात-आठ वर्षंही पुरतो. मी दर वर्षी पेशंटबरोबर बसून त्रास किती उरलाय, बीपी-साखर कुठे आहे, मॅमोग्राफी काय म्हणतेय हे बघते. चार-पाच वर्षांनी मात्रा हळूहळू कमी करून बघते, आणि वाफा परत आल्या तर पुन्हा बोलतो. तुमच्याही बाबतीत असंच ठरेल, एकदा बसून कायमचं नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट थांबू शकत नाही. कॅप्सूल पुन्हा सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून थोडा डाग लागू शकतो. तो लागला की डॉक्टरांना फोन करून कळवायचं, एवढंच. पण आज, कॅप्सूल बंद असताना, कपड्याला थेंबभर जरी लाल दिसलं तरी अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.